कॉर्नरचा फ्लॅट, बेल ऐकू येते

पूर्वी लोक विचारायचे, पाणी किती तास?
मग पार्किंग, मग वास्तू, दार पूर्वेला आहे ना.
आता चपला काढायच्या आधी विचारतात,
शाळेचं गेट कुठलं, मागचं की पुढचं?
मी हॉलची खिडकी उघडते आणि गप्प राहते.
छेडा शेठनी शिकवलंय,
गिऱ्हाईक सात वाजून दहाला आणायचं.
सव्वासातला बेल होते.

त्या बेलचे आठ लाख.
तीच इमारत, तीच गळकी गच्ची,
पण मागच्या विंगला बेल पोचत नाही,
तिथे भाव खाली.
कागदावर असलं काही नसतं अर्थात.
कागदावर चारशे दहा कार्पेट, लिफ्ट आहे.
चालते असं लिहिलेलं नाही.

परवा निमकर आले, नवराबायको.
तिला सातवा महिना,
कठडा धरत तीन वेळा थांबली जिन्यात.
त्याच्या मोबाइलवर मुलुंडचा नकाशा,
नकाशावर त्याने वर्तुळ काढलेलं,
शाळा मधोमध, देव्हाऱ्यात असावी तशी,
आणि ही जागा रेघेच्या आत की बाहेर
ते बोटांनी मोठं करकरून बघत होता.
डोंबिवलीचा टू बीएचके विकायचा,
तिच्या आईच्या पाटल्या,
वर वीस वर्षांचं कर्ज.
मी मनात मोजलं:
पोर जन्माला येईल, दहावी होईल,
उंचीने बापाला गाठेल,
हप्ते चालूच.

विकणाऱ्या पोंक्षेबाई.
त्याच शाळेत एकतीस वर्षं भूगोल.
शहाऐंशी साली पतपेढीतून पैसे काढून घेतलेली जागा,
तेव्हा मागे नुसतं खाजण, रात्री कोल्हे.
नातेवाईक म्हणाले होते, कुठे जंगलात निघालात.
बाईंनी पोरांकडून नद्या गिरवून घेतल्या,
काठावरच्यांना रविवारी याच हॉलमध्ये बसवलं,
फुकट, वर पोहे.
निकाल लागत गेले, पेपरात फोटो आले,
भाव चढत गेला.
बाईंनीच चढवला म्हणा, खडूने.
आता त्यांच्या जागी आलेली नवी बाई
टिटवाळ्याहून येते.
तिला मी एकदा खोली दाखवली होती, भाड्याची.
खिडकीतून तिने शाळेकडे बघितलं,
आकडा विचारला,
पाणी पिऊन गेली.

टोकनच्या दिवशी सगळे जमलेले.
पोंक्षेबाईंनी निमकरला एकच विचारलं,
आणि ॲडमिशन नाही मिळाली तर?
तो हसला. छेडा शेठ त्याच्याहून जास्त हसले.
बाई म्हणाल्या, लॉटरी असते हो.
शेवटची दोन वर्षं चिठ्ठ्या मीच करायचे.
सगळ्या घड्या सारख्या पडाव्यात
म्हणून पट्टी घेऊन बसायचे.
पंखा तेवढा कटकट करत राहिला.
ती रिकामा पेला हातात फिरवत होती,
तळाला कुणाचं तरी नाव कोरलेलं, ते वाचत.
आणि बेल झाली.

बाई उठून उभ्या राहिल्या.
पदर सारखा केला,
टेबलावर काहीतरी शोधलं, हजेरीबिजेरी असेल.
हाताला चेकबुक लागलं.
ते निमकरकडे सरकवून
पुन्हा खाली बसल्या.

लिफ्टमध्ये विचारतात मला काहीजणी,
तुमचा मुलगा कुठल्या शाळेत?
गल्लीच्या त्या टोकाला, पालिकेच्या.
तिथे अजून रुळाचा तुकडा टांगलाय,
सावळाराम शिपाई दोन्ही हातांनी बडवतो.
साडेबाराला ऐकू येतं ते,
पुढच्या विंगला, मागच्या विंगला,
खिडकी लावलेली असली तरी.
शेठनी बजावलंय,
साडेबाराला कुणाला जागा दाखवायची नाही.